स्मिलीला आवाज आवडतो

स्लिव्हेनचा वारा असा की रस्त्यात दोघं बोलायला लागली तर त्यांचं भांडण तिसऱ्या गल्लीत ऐकू जातं. अशा गावात, आठव्या मजल्यावरच्या काचबंद गॅलरीत बसून, आवाजात आणखी भर घालणारा एक माणूस राहत होता. स्विलेन काराजोव्ह त्याचं नाव.

स्विलेन लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळभर तो गावातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टच्या विहिरीत लोंबकळायचा आणि दुपारी आठ मजले जिने चढून घरी यायचा, कारण त्याच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट बंद असायची. ‘उद्या बघतो’ असं तो शेजाऱ्यांना सांगे, आणि तेही बिचारे धापा टाकत मान डोलावत. घरी आला की राजम्याचं एक वाडगं सूप पोटात ढकलून तो गॅलरीत शिरे आणि तिथे त्याचं खरं आयुष्य सुरू होई. तिथे तो गिटारची पेडलं बनवायचा.

पेडल म्हणजे पायाने दाबायची पत्र्याची डबी. गिटार आणि स्पीकरच्या मधे ती बसते. तारेतून निघालेला स्वच्छ, सालस, घरंदाज आवाज एका बाजूने या डबीत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने दारू पिऊन, मारामारी करून, शर्ट फाडून बाहेर येतो. जग आवाज सुधारण्यासाठी यंत्रं बनवतं. स्विलेन तो बिघडवण्यासाठी बनवायचा, तेही हौसेने. त्यासाठी त्याला दुकानातला नवा माल चालत नसे. जुन्या काळी इथेच बनलेले, मटाराच्या दाण्याएवढे ट्रान्झिस्टर लागत. लिफ्टच्या कामाला तळघरात उतरलं की लोकांनी टाकलेले आजोबांच्या वेळचे रेडिओ दिसत. त्यांच्या पोटातून तो हे दाणे काढून आणायचा. एकासारखा दुसरा नसे. प्रत्येक दाणा लावायचा, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, आणि मग तो ठेवायचा किंवा फेकायचा.

“एवढं काय ऐकता हो?” सासूबाई विचारत. “सगळे सारखेच भुंकतात.”

“हा भुंकतो, सासूबाई. आधीचा गुरगुरत होता.”

“काय?”

“गुरगुरत होता!”

“मग असं तोंड उघडून सांगा ना. मिशीत काय पुटपुटता?”

सासूबाईंचं नाव स्तोयान्का. उभी हयात त्यांनी लोकरीच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात काढली होती आणि निवृत्तीच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ व दोन मंद कान घेऊन त्या घरी आल्या होत्या. गॅलरीवर पहिला हक्क त्यांचा. तिथे त्यांच्या लोणच्याच्या बरण्या असत आणि पानगळीच्या दिवसांत ढोबळ्या मिरच्या भाजायचं विजेचं भांडंही तिथेच चाले. मिरच्यांचं भांडं आणि जावयाची सोल्डरिंगची कांडी एकाच वेळी लागली की घरभर अंधार होई. मग दोघंही अंधारात एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत, आणि स्विलेनची बायको राडोस्तिना, जी दिवसभर पोस्टाच्या खिडकीत लोकांची बोलणी खाऊन आलेली असे, मेणबत्ती घेऊन येई आणि म्हणे, “झालं? आता जेवा.”

गॅलरीची तिसरी वाटेकरीण म्हणजे स्मिल्याना. आजीचं नाव ठेवायचं असा घराण्याचा रिवाज. पण ‘स्तोयान्का’ हे नाव पाळण्यात मावेना, म्हणून पहिलं अक्षर तेवढं घेतलं. लाडाने स्मिली. ती रांगायला लागल्यापासून स्विलेनच्या कारखान्याने जमीन सोडली. स्क्रू, तारा, ट्रान्झिस्टर, सगळं बाळाच्या फळांच्या लगद्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून छताला टांगलं गेलं. कांडी तापवायची ती पोर झोपल्यावरच. जागी असेल तेव्हा फक्त पत्र्याला रंग, नाहीतर स्क्रू पिळणं. एवढं करूनही एकदा आवाजाचं एक काळं बटण स्मिलीने गिळलंच. पुढे दोन दिवस या कलावंताने लंगोट उलगडून ज्या एकाग्रतेने तपासले, त्या एकाग्रतेने त्याने शाळेत अभ्यास केला असता तर, असं सासूबाई अजून म्हणत. बटण सापडलं. ते धुऊन, उकळून त्याने एका पेडलवर बसवलं आणि ते पेडल क्रुमला भेट दिलं. क्रुम म्हणजे त्याचा लहानपणचा मित्र, लग्नाच्या वरातीत गिटार वाजवणारा. तो ते बटण अजून अभिमानाने फिरवतो. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दहा महिन्यांची असताना स्मिलीला मेंदूज्वर झाला.

कितीतरी दिवस ती दवाखान्यात होती. राडोस्तिना खुर्चीत बसून झोपे आणि स्विलेन जिन्यात उभा राही, कारण आत जायचं त्याला धाडस होत नसे. पोर वाचली. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं की या दुखण्यात कधी कधी कान जातात, तेव्हा राजधानीत, सोफियाला नेऊन लवकरात लवकर तपासून घ्या. त्यांनीच तिथली तारीखही मिळवून दिली.

आणि त्याच आठवड्यात स्मिलीने स्पीकर शोधून काढला.

स्विलेन एक दाणा लावून तार छेडत होता. दुखण्याने काडी झालेली ती पोर रांगत आली, स्पीकरच्या पेटीला तिने दोन्ही पंजे लावले, मग गाल लावला आणि खुदकन हसली. दवाखान्यातून आल्यावरचं ते पहिलं हसू. स्विलेनने पुन्हा तार छेडली. ती पुन्हा हसली. तो थांबला तर तिने पेटीवर थापट्या मारल्या.

“राडो! राडो, इकडे ये! हिला आवाज आवडतो!”

राडोस्तिना ओल्या हातांनी धावत आली, तिने पाहिलं आणि ती दाराला टेकून रडायला लागली. आनंदाने.

दुसऱ्या दिवशी स्विलेनने सोफियाच्या दवाखान्यात फोन केला. “आमच्या मुलीला उत्तम ऐकू येतं,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा तिखट कान आहे. आमची ती तारीख एखाद्या गरजू पोराला द्या.” आणि आपण एक पुण्यकर्म केलं या समाधानात त्याने फोन ठेवला.

संशय घेतला तो एकट्या सासूबाईंनी. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, “ही पोर तोंडाकडे बघते.”

“मग कुठे बघायचं, आई?” राडोस्तिना म्हणाली.

“तसं नाही. आम्ही गिरणीत बघायचो तसं बघते. मागापाशी कोणाला काय ऐकू येणार? ओठ बघूनच बोलायचो आम्ही. हिला ऐकू येत नाही गं.”

“आई, ऐकू तुला येत नाही. म्हणून तुला सगळं जग बहिरं वाटतं.”

“असेल,” सासूबाई म्हणाल्या आणि ताटातला पाव कुस्करत बसल्या. पण गप्प बसणं हे काही त्यांच्या घराण्यात नव्हतं. पोर झोपली की त्या दाराशी जाऊन पातेल्यावर डाव आपटून बघत. पोर हलत नसे.

“झोप बघा कशी आहे!” स्विलेन म्हणे. “बापावर गेली.”

“बापावर गेली असेल तर अक्कलही गेली.”

“असं? चला, तुम्हाला दाखवतोच.” तो पोरीला उचलून गॅलरीत नेई, स्पीकरसमोर जमिनीवर बसवी आणि पेडल दाबी. शेजारच्या गॅलरीतली कबुतरं उडत, खालच्या मजल्यावरचा म्हातारा छताला काठी ठोके, आणि स्मिली गाल टेकवून डोळे मिटून घेई. “आता बोला, सासूबाई! बहिऱ्या पोरीला हे सुचेल?”

सासूबाई आपल्या बरण्या पुसायला घेत. राडोस्तिनाने मात्र एकदा, कपडे घडी करता करता, हळूच विचारलं, “स्विलेन, एकदा दाखवून आणूया का रे? नुसतं आपलं मनाच्या समाधानाला?”

“राडो, अख्ख्या स्लिव्हेनमध्ये माझ्यासारखा कान कोणाला आहे? दोन ट्रान्झिस्टरमधला फरक मला झोपेत कळतो. स्वतःच्या पोरीचं कळणार नाही?”

तिने घडी केलेला फ्रॉक कपाटात ठेवला. तो विषय तिथेच राहिला.

स्मिली चालायलाही उशिरा लागली. उभी राहिली की झोकांड्या खाई. दुखण्याचा अशक्तपणा, असं सगळे म्हणाले. दीड वर्षाची झाल्यावर एकदाची तिने भिंत सोडून चार पावलं टाकली आणि घरात पहिल्या पावलांच्या सोहळ्याची गडबड उडाली. पोर चालायला लागली की गोल पाव भाजायचा, पांढऱ्या कापडाची वाट अंथरायची, तिच्या टोकाला बुटक्या टेबलावर नाना वस्तू मांडायच्या, पाव वाटेवरून गडगडत सोडायचा आणि त्याच्यामागे पोर चालत जाऊन जी वस्तू उचलेल तो तिचा पुढचा धंदा. मग मध लावलेला पावाचा तुकडा पाहुण्यांनी चालत चालत खायचा, म्हणजे पोरीच्या पायांना वेग येतो. लिफ्ट बंद असल्यामुळे पाहुणे आठ मजले आधीच चालून आले होते. ते खुर्च्यांवर कोसळले आणि बसूनच खातो म्हणाले.

टेबलावर राडोस्तिनाने पुस्तक ठेवलं, कात्री ठेवली, डाव ठेवला. सासूबाईंनी गिरणीतली एक लाकडी रीळ ठेवली. शेजारणीने कंगवा ठेवला. आणि स्विलेनने मधोमध आपलं नवं पेडल ठेवलं, लालचुटूक, लहान मुलाच्या पंजाएवढं बटण असलेलं. मुद्दाम तिच्यासाठी केलेलं.

“ही लाच झाली,” क्रुम म्हणाला.

“तू गिटार वाजव. अक्कल घरी ठेवून ये म्हणून सांगितलं होतं ना?”

“घरीच आहे. बायकोपाशी.”

स्पीकर दिसला की पोर थेट तिकडेच जाणार, म्हणून स्विलेनने तो उचलून खोलीच्या मागच्या बाजूला, दिवाणावरच्या उश्यांवर ठेवला होता. क्रुम तिथेच उभा होता. सासूबाईंनी पाव सोडला. तो डुलत डुलत कापडावरून निघाला. राडोस्तिनाने हात सोडला आणि स्मिली, नव्या फ्रॉकमध्ये, दारू प्यायलेल्या छोट्या पाटलासारखी, पावामागे चालू लागली. टाळ्या पडल्या. क्रुमला चेव आला. त्याने आपल्या पायाखालचं पेडल दाबलं, सगळी बटणं पार टोकाला नेली आणि ऐटीत गिरकी घेताना गिटार नेमकी स्पीकरच्या तोंडाशी नेली.

स्पीकरमधून जी किंकाळी उठली ती स्विलेनने स्वतःसुद्धा कधी ऐकली नव्हती. खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारणीच्या हातातला मध तिच्याच फ्रॉकवर सांडला. दोन्ही हात कानांवर दाबून सगळे ओरडत होते, “बंद कर! अरे, बंद कर!” सासूबाईंनीसुद्धा कान झाकले.

स्मिली पाठमोरी होती. ती चालतच राहिली. दोन पावलं, तीन पावलं. मग तिने वर पाहिलं. समोरच्या सगळ्या माणसांनी कानांवर हात ठेवले होते. तिने एकेकाचा चेहरा पाहिला. हा काहीतरी नवा खेळ होता. तिने आपले दोन्ही चिमुकले पंजे उचलले, अंदाजाने डोक्याच्या बाजूंना, कानांच्या जरा वरच टेकवले, आणि आपल्यालाही जमलं म्हणून सगळ्यांकडे बघून हसली.

“अगं बाई, नक्कल बघा!” शेजारीण म्हणाली. क्रुमने स्पीकरची वायर उपटली होती. खोलीत हशा उसळला. स्मिलीने पुढे जाऊन कंगवा उचलला. “न्हावीण! न्हावीण होणार!” सगळे ओरडले.

स्विलेनने तिने काय उचललं ते पाहिलंच नाही. तो सासूबाईंकडे बघत होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि पाव कापायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. राडोस्तिना पोस्टात गेल्यावर त्याने गॅलरीचं दार लावून घेतलं. लिफ्ट अडली की काय अडलंय ते शोधायची एक रीत असते: एकेक भाग वेगळा काढायचा, म्हणजे दोष कुठे लपलाय ते कळतं. त्याने कपड्यांच्या दोरीच्या आकड्याला पट्टा बांधला आणि स्पीकर हवेत टांगला. ना जमिनीला लागेल, ना भिंतीला. स्मिली खाली बसून बरण्यांची झाकणं मांडत होती. तिच्या पाठीमागून त्याने तार छेडली. मग जोरात छेडली. खालच्या म्हाताऱ्याची काठी वाजली. स्मिलीने एक झाकण दुसऱ्यावर ठेवलं.

त्याने बारीक आवाज लावून पाहिला, मग जाडा. ट्रान्झिस्टर बदलला. तो बदलून काय होणार होतं हे त्यालाही माहीत होतं, तरी बदलला. मग दुसरा. कुठला तरी एक दाणा असेल.

शेवटी त्याने स्पीकर खाली उतरवून जमिनीवर ठेवला आणि एकदाच तार छेडली. स्मिली तत्क्षणी वळली. जमिनीतून तिच्या पायांत, पोटात, हाडांत शिरलेली ती थरथर ओळखून, आनंदाने दोन्ही हात पसरून, झोकांड्या खात त्याच्याकडे आली.

सासूबाईंनी दार उघडलं तेव्हा तो पोरीला पोटाशी धरून जमिनीवर बसला होता. तो टोमण्याची वाट बघत होता. आला असता तर बरं वाटलं असतं.

“ऊठ, स्विलेन,” सासूबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच नावाने आणि एकेरीत हाक मारली. “ऊठ बाळा. फरशी गार आहे. पोरीला सर्दी होईल.”

“राडोला कसं सांगू, आई?”

“तिला ठाऊक आहे. काल रात्रीच भांडी घासताना विचारत होती, आई, ती वळली नाही ना?”

सोफियाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चांगल्या होत्या, त्यामुळे जास्त अवघड झालं. त्यांनी चित्र दाखवलं. या तापानंतर कानाच्या आतला शंख हळूहळू हाडाने भरत जातो, त्या म्हणाल्या. त्याआधीच आत यंत्र बसवावं लागतं. उजवी बाजू भरून गेली आहे, तिथे आता काही करता येणार नाही. डावीकडे थोडी जागा आहे. प्रयत्न करू. किती ऐकू येईल, बोलता येईल की नाही, आज सांगणं कठीण. “तुम्हाला आधीची तारीख मिळाली होती ना?” त्यांनी विचारलं. रागाने नाही, फक्त समोर दिसत होतं म्हणून.

“हो,” स्विलेन म्हणाला. “मी सोडली.”

“आम्ही सोडली,” राडोस्तिना म्हणाली.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. स्मिलीला बूट घालता घालता एकदम म्हणाली, “मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“तू म्हणालास, माझा कान आहे.”

“हो.”

“आणि मला पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं, स्विलेन, म्हणून पटलं. तुझ्यावर नीट चिडताही येत नाही मला.” तिने बुटाची नाडी ओढली ती तुटली. मग तिने उरलेल्या तुकड्यालाच गाठ मारली.

परतीच्या गाडीत डब्यात गर्दी नव्हती. समोर एक आजीबाई होत्या, मांडीवर सफरचंदांची पिशवी. कार्लोव्हो स्टेशन मागे पडलं तशी स्मिली पेंगुळली आणि कुरकुरायला लागली. राडोस्तिनाने तिला छातीशी घेतलं आणि सवयीने रोजचं अंगाईगीत सुरू केलं. एक ओळ झाली आणि तिचा आवाज थांबला. दीड वर्ष रोज म्हटलेलं गाणं. स्मिलीने डोळे उघडले आणि आईच्या गळ्याखाली, छातीच्या हाडावर, पंजाने थापटी मारली. एकदा. पुन्हा एकदा.

राडोस्तिनाने तोंड उघडलं, पण गाणं येईना. तिने पोर स्विलेनच्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

स्विलेनला अंगाई येत नव्हती. त्याने पोरीचा गाल आपल्या छातीवर टेकवला आणि आठवला तो आवाज काढला, खोल पोटातून, जुन्या लिफ्टच्या मोटरीसारखा, “ऊंऽऽऽ”. ना सूर, ना ताल. भल्या थोरल्या मिशीवाल्या माणसाने भर डब्यात असं घुमायला लागावं, हे पाहून पलीकडची दोन कॉलेजची पोरं हसली.

आजीबाईंनी त्या पोरांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग त्यांना राहवेना. “अहो, हे काय? पोरीला घाबरवता का? चांगलं काहीतरी गाणं म्हणा की तिला.”

“तिला ऐकू येत नाही, आजी,” स्विलेन म्हणाला.

हे वाक्य तोवर त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंसमोरसुद्धा त्याने नुसती मान हलवली होती. राडोस्तिनाने खिडकीकडचं तोंड वळवलं नाही, पण तिचा हात बाकावरून सरकत आला आणि पोरीच्या पाठीवर, त्याच्या हाताशेजारी थांबला.

 आजीबाईंनी पिशवी बाजूला ठेवली, पदरासारखी ओढलेली शाल सारखी केली आणि म्हणाल्या, “मग थांबू नका. म्हणा.”

त्याने पुन्हा सुरुवात केली. स्मिलीच्या पापण्या मिटत आल्या. मधे एकदा दम घ्यायला तो थांबला तर झोपेतच तिची मूठ त्याच्या शर्टावर आवळली गेली. मग काझानलाक स्टेशन येईपर्यंत तो थांबला नाही.